तळटीप १४ : काळी रांग

१४. काळी रांग : व्हॅन डीमेन्स लँड (आताचे टास्मानिया) येथे ऑक्टोबर १८३० मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर जॉर्ज आर्थर याने घातलेला हाका, शिकारीत घालतात तसाच, पण माणसांसाठी. सैनिक, वसाहतवाले आणि कैदी मिळून सुमारे २,२०० जण मूळ रहिवाशांना आग्नेयेच्या द्वीपकल्पाकडे रेटत निघाले. हाती लागले दोघे, त्यांतला एक पोरगा. आणखी दोघे मारले गेले. पुष्कळांनी ही निव्वळ फजिती मानली. इतिहासकार हेन्री रेनॉल्ड्स अशा सरहद्दीवरच्या संघर्षाला युद्धच म्हणतात. उलट, लेखक कीथ विंडशटल यांनी २००२ मध्ये इतिहासकारांवर हत्यांचे आकडे फुगवल्याचा आरोप केला. तो आम्हांला पटत नाही. पुढे फ्लिंडर्स बेटावर हलवलेल्या मूळ रहिवाशांपैकी १८४७ मध्ये ४७ जण टास्मानियात परतले. मूळ रहिवाशांचे वंशज आजही टास्मानियात आहेत.