किजाकाझीला हसू नका



झांजिबारच्या एका म्हातारीबद्दल बोलायचंय. नाव किजाकाझी. स्वाहिलीत या शब्दाचा अर्थच मुळी छोटी दासी. केस पिकले तरी बाई आपली छोटीच.

अ‍ॅडम शफीच्या 'कसरी या म्विन्यी फुआद' (१९७८) या स्वाहिली कादंबरीत ती भेटते. कसरी म्हणजे महाल. फुआद तिथला जमीनदार, ऐतखाऊ आणि क्रूर. तो तिला जनावरागत राबवतो. आणि ही? त्याच्यावर जीव लावते. आपला जन्म चाकरीसाठीच, देवानंच तसं ठरवलंय, असं मनापासून मानते.

आपली पोरं हे वाचून चिडतील, लाचार म्हणतील. जरा थांबा.

फेरेंझी नावाच्या हंगेरियन मनोविश्लेषकानं १९३२ साली एक निबंध वाचला, मोठ्यांनी छळलेल्या लेकरांवर. पळायला जागाच नसली की भ्यालेलं लेकरू छळणाऱ्याच्या मनात शिरतं. त्याला काय हवं ते आधीच ओळखतं, स्वतःला विसरतं, वर गुन्हाही आपलाच धरतं. फ्रॉइडला हा निबंध रुचला नव्हता. मला मात्र त्यात किजाकाझी लख्ख दिसते. फरक एवढाच, ते लेकरू घरात कोंडलेलं, ही इतिहासात.

१८७३ साली सुलतान बर्गाशनं गुलामांचा बाजार बंद केला. त्याच्याशी बोलायला इंग्रजांनी आधी कुणाला धाडलं होतं? बार्टल फ्रिअरला, आपल्या मुंबईच्या माजी गव्हर्नरला! १८९७ मध्ये गुलामीची कायदेशीर मान्यताही गेली. नुकसानभरपाई मिळाली, पण मालकांना. लवंगांच्या बागाही त्यांच्याकडंच राहिल्या. सुटलेली माणसं त्याच जमिनीवर झोपडं घालून राहिली, बदल्यात बागेतलं तण काढत. मर्जी गेली की झोपडं गेलं. क्रांती झाली ती १२ जानेवारी १९६४ ला. मधे ६७ वर्षं. अशा जागी मालकावर माया करणं हा जगण्याचाच एक मार्ग होता.

इथं फेरेंझी अपुरा पडतो, फॅनन लागतो. हा काळा डॉक्टर १९५३ पासून अल्जेरियातल्या मनोरुग्णालयात होता. १९५२ च्या पुस्तकात त्यानं सांगितलं, की कमीपणा आधी पोटापाण्यातून येतो, मग कातडीत मुरतो. म्हणजे एकट्या मनाला औषध देऊन भागत नाही, जमीनही लागते.

माझी आजी मरेस्तोवर पाटलाच्या वाड्याला माहेर म्हणायची. मी तिच्यावर ओरडायचो. तुला दुसरी जागा कुठली होती गं, असं मात्र कधी विचारलं नाही.