शाळेचे नाव आणि शिकविणारा

काचीगुड्यातील एका परिचित मराठी गृहस्थांनी गेल्या महिन्यात आपल्या घराचे कागद आमच्याकडे आणून ठेविले. कन्या वास्तुकलेची पदवीधर. पुढील शिक्षणासाठी तिला अमेरिकेस जावयाचे आहे, आणि त्यासाठी घर गहाण टाकून कर्ज काढावयाचे आहे. चार विद्यापीठांनी तिला प्रवेश देऊ केला आहे. "ह्यांतले मोठे कोणते, वकीलसाहेब?" असा त्यांचा आम्हांस प्रश्न. कायद्याच्या ग्रंथांत ह्याचे उत्तर नाही. इतिहासात मात्र थोडेफार सापडते, आणि त्यातला बराच भाग ह्याच शहराशी जोडलेला आहे.

उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले. त्याच्या इमारती कशा असाव्यात हे ठरविण्यासाठी निजाम सरकारने १९३० च्या सुमारास झैन यार जंग आणि सय्यद अली रझा ह्या दोन वास्तुविशारदांना देशोदेशींची विद्यापीठे पाहावयास पाठविले. ह्या प्रवासाचे फलित म्हणून अर्नेस्ट जॅस्पर हे बेल्जियन वास्तुविशारद हैदराबादेस आले. १९३४ साली कला महाविद्यालयाची कोनशिला बसली आणि ४ डिसेंबर १९३९ रोजी त्या वास्तूचे उद्घाटन झाले. (मराठवाड्यातील कित्येक मुले ह्या विद्यापीठात उर्दूतून शिकली, पण तो निराळा विषय.) ह्या दोघांचे भाग्य असे की, त्यांना सर्व काही आधी पाहता आले, मग निवडता आले, आणि खर्च दरबाराचा. विद्यार्थ्याला हे सुख नसते. त्याला एकच दार निवडावे लागते, आणि पुष्कळदा तेही न पाहता.

मालवणनजीकच्या आचऱ्यात १९१६ साली जन्मलेले अच्युत कानविंदे मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले. पुढे सरकारने त्यांना हार्वर्डला धाडिले. तेथे त्या वेळी वॉल्टर ग्रोपियस होते. जर्मनीतील बाउहाउसचे संस्थापक असलेले ग्रोपियस १९३७ मध्ये हार्वर्डला आले आणि १९५२ मध्ये तेथून निवृत्त झाले. कानविंदे १९४७ मध्ये पदवी घेऊन परतले, म्हणजे गुरू गादीवर असतानाच. त्यानंतर सहासात वर्षांनी कोणी केवळ 'हार्वर्ड' ह्या नावावर विसंबून निघाला असता, तर त्याला इमारत तीच मिळाली असती, माणूस मिळाला नसता. जाहिरातपत्रिका ही गोष्ट सहसा ठळक अक्षरांत छापीत नाहीत. पुण्याचे बाळकृष्ण दोशी ह्यांनी तर शाळेचे नावच बाजूस ठेविले आणि १९५१ मध्ये पॅरिसला ल कॉर्बुझिए ह्यांच्या कार्यशाळेत प्रारंभी बिनपगारी काम पत्करले.

आमच्या वाचकांस सर्वांत जवळचे उदाहरण चार्ल्स कोरिया ह्यांचे. घराणे गोव्याचे, जन्म सिकंदराबादचा, १ सप्टेंबर १९३०. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातून ते १९४९ साली मिशिगन विद्यापीठात गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात पौंडाच्या मागोमाग रुपयाचेही अवमूल्यन झाले. कालपर्यंत सुमारे ३ रुपये ५ आण्यांस मिळणाऱ्या डॉलरला एकाएकी ४ रुपये १२ आणे पडू लागले. अमेरिकेत मुलगा ठेवणाऱ्या प्रत्येक भारतीय कुटुंबाचा खर्च एका रात्रीत जवळजवळ दीडपट झाला. आज कर्जरोख्यावर सही करणाऱ्या बापाने हा आकडा एकदा डोळ्यांखालून घालावा, असे आम्हांस वाटते.

मिशिगनमध्ये त्यांना बकमिन्स्टर फुलर ह्यांचा सहवास लाभला. १९५३ मध्ये ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेले. हार्वर्डच्याच केंब्रिज गावातली ही दुसरी शाळा. तेथे केव्हिन लिंच आणि ग्यॉर्गी केपेश शिकवीत होते, आणि सामान्य माणूस आपले शहर मनात कसे साठवितो, ह्या प्रश्नाचे त्यांचे संशोधन त्याच सुमारास सुरू होत होते. लिंच ह्यांचा त्यावरील प्रसिद्ध ग्रंथ १९६० मध्ये निघाला. कोरियांनी १९५५ मध्ये पदवीसाठी सादर केले ते एखाद्या प्रासादाचे नकाशे नव्हते. वस्तीतल्या रहिवाशांनीच आपली वस्ती कशी सुधारावी, हे सांगणारा एक चलच्चित्रपट होता. दहा वर्षांनी प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल ह्यांच्यासह ज्यांनी खाडीपलीकडे नवी मुंबई वसविण्याची योजना मांडली, ते कोरिया आम्हांस त्या चित्रपटात दिसू लागतात. गुरूंचा प्रश्न शिष्य बरोबर घेऊन आला होता.

उत्तरे मात्र त्यांना येथेच शोधावी लागली. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात हैदराबादेतील इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनची कचेरी बांधताना त्यांच्यापुढे दख्खनचे ऊन होते. ते त्यांनी यंत्रावर न सोपविता छपरावर जाळीदार मांडव घालून अडविले. असा मांडव बोस्टनच्या बर्फात कोणी शिकविला असेल, हे आम्हांस संभवत नाही. शिक्षणाविषयी पुढे लिहिलेल्या एका निबंधाच्या मथळ्यात कोरियांनी एकलव्याचे नाव घातले, ह्याचे आम्हांस नवल वाटत नाही.

वकील म्हणून एक गोष्ट सांगणे मात्र प्राप्त आहे. कानविंदे व कोरिया परतले तेव्हा वास्तुविशारदाच्या नोंदणीचा देशव्यापी कायदा नव्हता. तो १९७२ साली झाला. आता नोंदणीवाचून येथे स्वतःस वास्तुविशारद म्हणविता येत नाही, आणि परकीय पदवी नोंदणीस चालते की नाही हा स्वतंत्र प्रश्न असतो. तो निघण्यापूर्वी विचारावा, परतल्यावर नव्हे.

एवढे सर्व आम्ही त्या गृहस्थांस सांगितले. त्यांस ते फारसे रुचले नाही. त्यांना एक नाव हवे होते. कन्येने मात्र वही काढून विचारले, "येत्या दोन वर्षांत रजेवर कोणते प्राध्यापक जाणार, हे पत्र लिहून विचारले तर सांगतील का?" सांगतील, असे आम्ही म्हणालो. चार पत्रे गेली आहेत. तोवर गहाणखताचा मसुदा आमच्या टेबलावर आहे, आणि विद्यापीठाच्या नावाची ओळ आम्ही कोरी ठेविली आहे.