ओटीवरून आत

कुंभवलीसारख्या गावात कुत्र्याच्या पिल्लाला पहिली शिकवण मिळायची ती उंबऱ्याची. ‘जागेवर बसायला’, म्हणजे ठरल्या जागी शी-शू करायला, त्याला कुणी शिकवत नसे, कारण तशी गरजच नव्हती. पूर्वी माहीम तालुक्यात आणि आता पालघर तालुक्यात मोडणारे हे गाव आज तारापूर औद्योगिक वसाहतीला खेटून उभे आहे. पण या पट्ट्यातली घरे मागच्या दोन पिढ्यांपर्यंत भातशेतीची आणि अंगणाची होती. कुत्रे पाळणे म्हणजे त्याला अंगणात राहू देणे, आणि ‘घरात’ हा शब्द त्याच्यापुरता ओटीपाशी संपत असे.

घर कारवीच्या कुडाचे असो की विटामातीचे, त्याचा क्रम एकच होता: अंगण, मग ओटी किंवा पडवी, मग उंबरा आणि त्याच्या आत माजघर, चूल, देव. कुत्र्याची हद्द उंबऱ्यापर्यंत. पावसाची झड लागली तर पडवीच्या कोपऱ्यात एखादे जुने गोणपाट मिळे. पिल्लाने उंबऱ्यावर पाय ठेवला, की आजीपासून शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांच्या तोंडून एकच शब्द एकाच सुरात निघे, ‘हाड!’ खराटा भुईवर आपटला जाई. चार दिवसांत पिल्लू उंबऱ्याशी येऊन थबके, पुढचे दोन्ही पाय बाहेर जोडून बसे आणि नाक तेवढे आत लांबवी. आतून भाकरीचा तुकडा पडला तर तोही बाहेरच पडे. घरातल्या प्रत्येकाने एकच नियम एकाच रीतीने पाळायचा, हे आजच्या श्वानप्रशिक्षणाचे पहिले सूत्र या घरांत कुणी न सांगता पाळले जात होते.

या हद्दीला सोवळ्याओवळ्याइतकेच भुईचेही कारण होते. शेणाने सारवलेली भुई ओल शोषून घेते आणि वास धरून ठेवते. पिल्लाने आत एकदा ओले केले, तर तेवढी जागा खरवडून पुन्हा सारवावी लागे. नाही तर त्याच वासाने ते पुन्हा तिथेच येई.

अंगणाची ही व्यवस्था कुत्र्याच्या स्वभावाला धरून होती. पिल्ले पहिले तीनेक आठवडे स्वतः काहीच करत नाहीत. आई त्यांना चाटून शी-शू करवते आणि चाटूनच जागा स्वच्छ ठेवते. त्यानंतर ती लटपटत का होईना, झोपायच्या जागेपासून दूर जाऊन बसू लागतात. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या वर्तनावर अनेक वर्षे काम करून १९६५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले, की साधारण साडेआठ आठवड्यांच्या सुमारास पिल्लू आपली ठरावीक जागा धरू लागते. त्या वयात पायाखाली जे असते, माती, गवत, कागद की फरशी, तेच पुढे त्याला ‘आपले’ वाटते. पेंढ्याच्या उडवीखाली नाही तर लाकडाच्या मोळ्यांआड जन्मलेल्या पिल्लाच्या पायाखाली पहिल्या दिवसापासून माती असे. ते परसात किंवा बांधावर जाई आणि तिथेच विषय संपे.

अंगणातल्या या कुत्र्याला जेवणात मात्र वाटा होता. घरोघरी उरलेली भाकरी आणि पेज त्याची असे, आणि धर्मविधींतही त्याचा घास ठरलेला होता. काकबळी आणि गोग्रासाबरोबर श्वानबळी काढला जातो तो यमाच्या श्याम आणि शबल या दोन कुत्र्यांच्या नावाने. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, भैरवाचे तर ते वाहन. इथून जवळच्या तारापुरात पारशांची जुनी वस्ती होती. पारशी धर्मात कुत्र्याला याहून जवळचे स्थान आहे. मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा ‘सगदीद’ हा विधी अंत्यसंस्काराचा भाग आहे, आणि त्यासाठी डोळ्यांवर दोन ठिपके असलेले, म्हणजे ‘चार डोळ्यांचे’ कुत्रे उत्तम मानले जाते. मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा जून १८३२ मध्ये पारशी समाज रस्त्यावर उतरला, इतर समाज त्याला मिळाले आणि बाजार बंद पडला. तेव्हा कुत्र्याला अन्न, मान आणि संरक्षण तिन्ही होते. घराच्या आतली जागा ही त्यांहून वेगळी गोष्ट होती.

आतली जागा प्रथम इंग्रज साहेबाच्या बंगल्यात मिळाली. तिच्याबरोबर एक धंदाही आला. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या इंग्रजी कोशात ‘डोरिया’ असा शब्द नोंदलेला आहे: दोरी धरणारा, म्हणजे कुत्री सांभाळणारा नोकर. कित्येक बंगल्यांत हे काम मेहतराकडेच असे. कुत्रे साहेबाच्या खोलीत लोळे, त्याने घाण केली तर ती दुसऱ्याच माणसाचा हात उचले. घाण कुणी काढायची, या प्रश्नाला आपल्या समाजात जातीचे उत्तर तयार होते, आणि साहेबाने ते जसेच्या तसे उचलले. कुत्र्याला शिस्त लावण्याच्या इतिहासातले हे सर्वांत लाजिरवाणे पान आहे. जिथे घाण काढायला दुसरा कुणी होता, तिथे कुत्र्याला शिकवण्याची घाई मालकाला कधीच वाटली नाही.

कुंभवलीच्या परिसरात बदल आला तो कारखान्यांमुळे. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, सत्तरच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहू लागली, आणि बोईसरच्या आजूबाजूच्या गावांत आधी चाळी, मग इमारती चढल्या. चाळीतले कुत्रे सगळ्यांचे आणि कुणाचेच नसे. ते जिन्याखाली झोपे. फ्लॅटमध्ये मात्र अंगण, ओटी आणि पडवी एकदमच गेली. दार उघडले की थेट बैठकीची फरशी. कुत्रे आता एकतर घरात, नाही तर नाहीच.

याच काळात जातीचे कुत्रे घेण्याची हौस वाढली. लोक ज्याला ‘पॉमेरियन’ म्हणत, ते पांढरे, केसाळ कुत्रे बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असे. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातल्या टफी नावाच्या कुत्र्याने ते घरोघरी ओळखीचे केले, तर २००३ मधल्या हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने पग. ही कुत्री उंबऱ्याच्या आतच वाढली, आणि सवय लावण्याचा प्रश्न पहिल्यांदाच घरमालकाच्या गळ्यात पडला.

त्यावरचा पहिला प्रचलित उपाय क्रूर होता: पिल्लाचे नाक त्याच्याच घाणीत घासायचे आणि वर्तमानपत्राची गुंडाळी मारायची. लष्करी आणि पोलिसी कुत्र्यांच्या जुन्या शिक्षणात दंडाला मोठे स्थान होते. जर्मनीतल्या कोनराड मोस्ट यांचे १९१० मधले पुस्तक त्या परंपरेतले प्रसिद्ध नाव. पण अर्ध्या तासापूर्वीच्या ओल्याशी आत्ताच्या माराचा संबंध पिल्लाला जोडता येत नाही. त्याला एवढेच कळते, की माणसासमोर बसणे धोक्याचे. मग ते सोफ्यामागे जाऊन बसते, आणि बाहेर नेले तरी दोरी धरणाऱ्या माणसासमोर करत नाही. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञसत्रात सरमा या कुत्रीचे पिल्लू मार खाते, आणि आईला सांगते, की आपण हवनद्रव्याकडे पाहिलेही नाही, ते चाटलेही नाही. फ्लॅटमधल्या पिल्लाची अवस्था तीच होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बक्षिसावर आधारलेली पद्धत रुजत गेली आणि मार मागे पडू लागला.

नव्या पद्धतीचा सगळा भर वेळेवर आहे. जुन्या घरात पिल्लू ‘कुठवर’ शिकत असे, आता ते ‘केव्हा’ शिकते. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर त्याला लगेच ठरल्या जागी न्यावे लागते. वयाच्या महिन्यांत एक मिळवला, तर तितके तास ते दिवसा जास्तीत जास्त धरू शकते. दोन महिन्यांचे पिल्लू फार तर तीन तास. भुई हुंगत ते गोल फिरू लागले की वेळ आली. बसून झाल्याबरोबर, तिथेच, एक-दोन सेकंदांत खाऊ आणि कौतुक मिळाले पाहिजे. घरी परतल्यावर दिलेला खाऊ परतण्याचा होतो. घरात चूक झालीच तर जागा एन्झाइमयुक्त द्रवाने पुसावी. अमोनिया असलेल्या द्रवाचा वास लघवीच्याच वासाकडे जातो आणि पिल्लाला पुन्हा बोलावतो. सारवणाच्या भुईची जुनी अडचण इथे फरशीवरही उरलीच आहे.

एक नवी अडचण मात्र जुन्या अंगणाला ठाऊक नव्हती. कुत्र्यांचा पार्व्हो हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. पिल्लांना तो झपाट्याने मारतो आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो. त्यामुळे लसीकरण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचे होईपर्यंत, पिल्लाला रस्त्यावर सोडू नये असे पशुवैद्य सांगतात. साडेआठ आठवड्यांची ती मोलाची वेळ नेमकी या बंदिवासात येते. पिल्लू कागदावर बसायला शिकते आणि चार महिन्यांचे झाल्यावर त्याला कागद विसरायला लावावे लागते. यावर साधा तोडगा म्हणजे बाल्कनीत ट्रे ठेवून त्यात कुत्र्यांचा वावर नसलेल्या जागची माती भरणे, म्हणजे पायाखालची ओळख पहिल्यापासून मातीची राहते. जून ते सप्टेंबर या भागात पाऊस कोसळतो तेव्हाही हाच ट्रे उपयोगी पडतो, कारण पुष्कळ पिल्ले भिजलेल्या गवतावर पाय ठेवायलाच तयार नसतात.

रस्त्यावरून दत्तक घेतलेल्या मोठ्या कुत्र्याचे गणित उलटे असते. ते जन्मापासून मातीवरच बसलेले असते आणि झोपायची जागा घाण करत नाही. गुळगुळीत फरशी हीच त्याला नवलाची. त्याला रोज त्याच वेळी, कुंपणालगतच्या त्याच मातीच्या तुकड्यावर नेले, तर बहुधा काही आठवड्यांत ते घरात रुळते. माणूस जवळ आल्यावर अंग चोरून ते थेंबभर ओले करते, ती भीती असते. त्यावर रागावले की ती वाढते.

इमारतीतल्या कुत्र्याचा हक्क आता नियमांतही आला आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या परिपत्रकानुसार गृहनिर्माण संस्थेला कुत्रे पाळण्यावर किंवा त्याला लिफ्टमधून नेण्यावर बंदी घालता येत नाही. घाण उचलण्याचा सल्ला त्याच परिपत्रकात पाळणाऱ्यांना दिलेला आहे. सकाळी सहाला चौथ्या मजल्यावरून उतरताना लहान पिल्लाला कडेवर घ्यावे, कारण खाली ठेवले तर ते लिफ्टमध्येच बसते. दुसऱ्या हातात जुन्या वर्तमानपत्राचा चौकोन असावा. पूर्वी ज्याची गुंडाळी करून पिल्लाला मारत, त्याच कागदाने आता पाळणारा स्वतःच्या हाताने घाण उचलतो.