एकाच कॅबिनेटमध्ये सूर आणि मोडेम

डॉ. भडकमकर मार्ग हे नाव मी पत्त्यांवर आणि पाट्यांवर वाचलं आहे. तोंडानं तसं म्हणणारा माणूस अजून भेटायचा आहे. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. तो गेला, पण ऑपेरा हाउसकडून मुंबई सेंट्रलच्या दिशेनं जाणारा रस्ता लॅमिंग्टन रोडच राहिला. हा रस्ता मूळचा सिनेमाचा. नाझच्या आवारात चित्रपट वितरकांच्या कचेऱ्या होत्या आणि मिनर्व्हात १९७५पासून ‘शोले’ पाच वर्षं चालला. त्याच रस्त्यावर रेडिओच्या सुट्या भागांची दुकानंही होती. गिरगावातल्या आमच्या ऑर्केस्ट्राचा अ‍ॅम्प्लिफायर बसला की कपॅसिटर आणायला तिथेच जायचं. घरच्या संगणकाचा धंदा याच दुकानांतून वाढला, कारण सुटा भाग ओळखणं, त्याचा भाव करणं आणि तो चालवून दाखवणं त्या लोकांना आधीपासून येत होतं.

१९८४च्या संगणक धोरणानं आयातीचं दार किलकिलं केलं, १९९१नंतर ते आणखी उघडलं, आणि १९९७ साली भारतानं माहिती तंत्रज्ञान करारावर सही केल्यावर सुट्या भागांवरचं शुल्क टप्प्याटप्प्यानं शून्यावर जायचं ठरलं. कागदावरचा इतिहास एवढाच. रस्त्यावरचा इतिहास कोटेशनच्या चिठ्ठीत आहे. दुकानदार लेटरहेडच्या मागच्या बाजूला एकाखाली एक लिहायचा: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, साउंड कार्ड, मोडेम, कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड-माउस. ती चिठ्ठी घेऊन पुढच्या तीन दुकानांत जायचं. शेवटी प्रश्न यायचा, “बिल चाहिए या बिना बिल?”, आणि बेरीज बदलायची. ब्रँडेड यंत्र घेणाऱ्याला हा अभ्यास कधी करावाच लागला नाही. कुठला भाग कशासाठी असतो हे मध्यमवर्गीय मुंबईकर या चिठ्ठीनं शिकला.

मी रात्री ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो आणि दिवसा लोकांच्या वेबसाइट करायचो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्यानंतर दोनेक वर्षांत गिरगावातल्या छापखानेवाल्यापासून सहलवाल्यापर्यंत सगळ्यांना आपलं ‘होमपेज’ हवं झालं. “गाना बनाना है और वेबसाइट बनाना है,” असं सांगितलं की काउंटरवरचा माणूस विचारायचा, “गेम खेलोगे?” त्याच्या लेखी आवाज हवा म्हणजे गेम.

त्याला दोष देत नाही. दोन्ही कामांच्या गरजा इतक्या वेगळ्या होत्या की एका चिठ्ठीत बसवणं कठीणच होतं. वेबसाइटला तेव्हा यंत्र जवळजवळ लागतच नसे. नोटपॅड, नेटस्केप, इंटरनेट एक्सप्लोरर आणि फाइल वर चढवायला एफटीपी, एवढ्यावर भागायचं. दिवसभर टॅग वाचून डोळे दुखत, म्हणून पैसा घालायचा तो बऱ्या मॉनिटरवर. मराठी पान असेल तर फॉन्टची कटकट वेगळी: प्रत्येक वर्तमानपत्राचा फॉन्ट निराळा, तो वाचकाच्या यंत्रावर नसला की पानभर अगम्य चिन्हं. पण त्यावर महागडा प्रोसेसर हा इलाज नव्हताच.

संगीत मात्र सगळंच मागायचं. सीडीच्या दर्जाचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सव्वापाच एमबी खातो. चार मिनिटांच्या गाण्याचे आठ ट्रॅक म्हणजे सुमारे १७० एमबी, आणि डिस्क असायची चार जीबीची, तीही अर्धी आधीच भरलेली. शहाणे लोक दुसरी छोटी डिस्क घेऊन रेकॉर्डिंग फक्त तिच्यावर करत. प्रोसेसरमध्ये १९९८चा सेलेरॉन ३००ए हा या रस्त्याचा लाडका होता. बसची गती ६६वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३००चा ४५० व्हायचा. सगळे नग त्याला तयार होत नसत, म्हणून चांगले ‘चढणारे’ नग कोणाकडे आले आहेत याची कुजबुज चालायची.

कीबोर्ड संगणकाला जोडायची युक्ती तर अस्सल लॅमिंग्टन रोडची होती. साउंड ब्लास्टर कार्डाच्या मागे जॉयस्टिकसाठी पंधरा पिनांचं पोर्ट असायचं, त्यातूनच मिडीचे, म्हणजे कुठली पट्टी कधी दाबली याचे, संकेत जायचे. तयार केबल महाग पडे. पण त्यात असतं काय? पाच पिनांचा डिन कनेक्टर, काही रोध आणि एक ऑप्टोकपलर. संगणकाच्या दुकानातून उतरून शेजारच्या रेडिओवाल्याकडे जायचं, माल घ्यायचा, घरी सोल्डर करायचा. मिडीचं मानक १९८३चं आणि युरोपातल्या वादकांनी त्यासाठी १९८५चा अटारी एसटी घेतलेला, कारण त्याला मिडीची पोर्टं कारखान्यातूनच असत. आम्ही तो मासिकांतच पाहिला.

खरी कुस्ती पुढे होती. मोडेम आणि साउंड कार्ड एकाच कॅबिनेटमध्ये सुखानं नांदत नसत. आधी इंटरप्टच्या क्रमांकांवरून भांडण. साउंड ब्लास्टर पाचवर हक्क सांगणार. ते मिटलं की स्वस्त अंतर्गत मोडेमचं खरं रूप कळे. या ‘विनमोडेम’चं निम्मं काम प्रोसेसरच करायचा, त्यामुळे नेट चालू असताना रेकॉर्डिंगमध्ये चटचट आवाज यायचे. बाहेरचा सीरियल मोडेम घ्यावा तर चिठ्ठीतला भाव दुप्पट. बरेच जण विंडोज दोनदा टाकत: एक नेटसाठी, दुसरी फक्त गाण्यासाठी, जिच्यात मोडेमचा ड्रायव्हरच नाही. ग्राहकाचं पान चढवून झालं की यंत्र बंद करून दुसऱ्या विंडोजमध्ये शिरायचं, तोवर चहा.

मग वेळेचा प्रश्न. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबानं १,०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, २५६चा म्हणजे जेमतेम सहा. विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर विलंब याच्या कैक पट. पट्टी दाबली आणि सूर नंतर आला तर केरवा वाजवून दाखवा! स्टाइनबर्गनं आणलेल्या अ‍ॅसिओ ड्रायव्हरनं हा तिढा सोडवला, पण त्याला साजेशी कार्डं महाग. पुढे साउंड ब्लास्टर लाइव्हसाठी केएक्स नावाचे मोफत ड्रायव्हर आले आणि गेमसाठी विकलेलं तेच कार्ड झटपट वाजू लागलं. काउंटरवरचा माणूस गेमबद्दल विचारत होता, ते अगदीच गैर नव्हतं म्हणायचं. सॉफ्टवेअर बहुतेकांचं पदपथावरच्या सीडीचं होतं. आज कोणी काहीही सांगो.

चाळीत अर्थिंग नसायचं, त्यामुळे हम. मॉनिटरसमोर गिटार धरली की आणखी हम. याचा भाव कुठल्याच कोटेशनमध्ये नसायचा.

नंतरच्या दशकात हे सगळं सुटलं असं वाटलं. साउंड कार्ड कॅबिनेटमधून बाहेर पडून यूएसबीच्या डबीत गेलं, ब्रॉडबँडनं मोडेमही बाहेर काढला. २००५च्या डिसेंबरात जस्टिन फ्रँकेलनं रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणलं, जे गरिबालाही रीतसर विकत घेता येई. पण मधल्या काळात भूक उलटी झाली. आठ ट्रॅकचं गाणं आता जुनाट यंत्रावरही चालतं. वेबसाइट बनवायला मात्र ब्राउझरच्या वीस टॅब, एडिटर, डॉकर आणि हजारो फायलींचं नोड मॉड्यूल्सचं फोल्डर लागतं. आठ जीबी रॅम त्यातच बुडते. सॅम्पल्सचा मोठा वाद्यवृंद लावणारा असेल तरच संगीताची भूक बरोबरीला येते. आणि भांडण? तेही आहेच. लॅपटॉपच्या वायफाय ड्रायव्हरनं रेकॉर्डिंगमध्ये चटचट आणलेली मी ऐकली आहे, आणि वायफाय बंद केल्यावर थांबलेलीही.

२०२०च्या नोव्हेंबरात आलेल्या एम१ मॅक मिनीचं कौतुक योग्य आहे. दोन्ही कामं तो शांतपणे करतो. पण त्यात रॅम नंतर घालता येत नाही. ‘आत्ता आठ घेऊ, दिवाळीला आणखी आठ’ ही मध्यमवर्गाची हप्तेबंदी त्यानं संपवली, आणि जास्त रॅमचा जादा पैसा पहिल्याच दिवशी मोजायला लावला. म्हणून हात आखडता असेल तर मी कंपन्यांच्या लीजवरून परत आलेले ऑफिसचे डेस्कटॉप बघायला सांगतो. लॅमिंग्टन रोडवर ते आता रांगेनं मांडलेले असतात. झाकण उघडून रॅमच्या दोन खाचा आहेत का पाहायचं, दुसरी एसएसडी बसते का विचारायचं, वाचलेल्या पैशात ऑडिओ इंटरफेस घ्यायचा, आणि बिल मागायचं.