पाटणच्या मठाचें माप

चाळीसगांवच्या नैर्ऋत्येस दहा मैलांवर, डोंगराच्या पायथ्याशीं पाटण म्हणून जें ओसाड गांव आहे, तेथील भवानीच्या पडक्या देवळांत डॉ. भाऊ दाजी लाड यांस एक शिलालेख सांपडला व पुढें कीलहॉर्न यांनीं तो चिकित्सापूर्वक छापला, ही गोष्ट वाचकांस नवी नाहीं. भास्कराचार्यांची वंशावळ या लेखावरून निश्चित झाल्यामुळें ज्योतिषाच्या इतिहासकारांनीं त्याचा संस्कृत भाग पुष्कळ चाळला. अखेरच्या मराठी ओळींकडे भाषाभ्यासकांचें लक्ष गेलें, तें मुख्यतः विभक्तिप्रत्ययांपुरतें. परंतु त्याच ओळींत एका वस्तूचा उल्लेख आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तीच वस्तु होय. ती म्हणजे मठाचें माप.

प्रथम मठाची हकीकत थोडक्यांत सांगतों. शांडिल्य गोत्रांतील त्रिविक्रमापासून महेश्वरापर्यंत विद्वानांची परंपरा सांगून लेख भास्कराचार्यांवर येतो. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांस यादव राजा जैत्रपाल यानें याच नगरांतून नेऊन पंडितांत अग्रस्थान दिलें. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे सिंघणाचे मुख्य ज्योतिषी झाले. आजोबांचे सिद्धान्तशिरोमणिप्रभृति ग्रंथ व कुळांतील इतरांचे ग्रंथ येथें नेमानें शिकविले जावेत, एवढ्यासाठीं चांगदेवांनीं मठ स्थापिला. निकुंभवंशीय सोइदेवानें त्यास चंद्रग्रहणाच्या पर्वावर दान दिलें व त्याचा बंधु हेमाडिदेव यानेंहि पुढें देणगी दिली. लेखांत शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा असा काल आहे. शक व संवत्सर यांचा मेळ एका वर्षानें चुकतो; संवत्सर प्रमाण मानिला असतां ९ ऑगस्ट १२०७ हा दिवस येतो.

आतां मराठी भाग. पाटणांत जो माल विक्रीस उघडला जाई, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजास मिळणारा हिस्सा मठास दिला. ब्राह्मणांनीं आपलें ब्रह्मोत्तर दिलें. नगरानें गिऱ्हाइकाकडून दामाचा विसावा भाग लावून दिला. तेल्याच्या दर घाण्यामागें पळी पळी तेल ठरलें. राजा, ब्राह्मण व नगर असे तीन निरनिराळे दाते एका विद्यापीठामागें उभे राहिले, ही गोष्ट स्वतंत्रपणें महत्त्वाची आहे. परंतु त्यापुढील कलम माझ्या मतें सर्वांत मार्मिक: जें जें मापावयाचें तें मठाच्याच मापानें मापावें, आणि मापाऊची अर्धी मठास व अर्धी मापाऱ्यास द्यावी.

या कलमाचा अर्थ काय, तो पाहावा. ग्रहगणिताचें नांवहि ज्याच्या कानांवर गेलें नसेल अशा कुणब्याचें धान्य बाजारांत मठाच्या मापानें मोजलें जाई. त्याच्या दृष्टीनें मठ म्हणजे तें भांडें. अध्यापन मठाच्या भिंतींआड चाले. माप मात्र चव्हाट्यावर असे. शिवाय मापाऱ्याचा अर्धा वांटा त्यांत गुंतविल्यामुळें दुसरें माप बाजारांत शिरूं न देण्यांत त्याचाच स्वार्थ होता. केवळ राजाज्ञेपेक्षां ही तजवीज अधिक टिकाऊ, आणि ती योजणाऱ्यास व्यवहार चांगला कळत असला पाहिजे. लीलावतीच्या आरंभीं खारी, द्रोण, आढक, प्रस्थ, कुडव अशी धान्यमापांची परिभाषा आहे, हें येथें स्मरावें. आजोबांनीं ग्रंथांत जीं कोष्टकें बांधलीं, त्या जातीची एक वस्तु नातवाच्या मठाची खूण होऊन बाजारांत फिरली.

याच कुळाचें दुसरें स्मारक चाळीसगांव तालुक्यांतच बहाळ येथें आहे. भास्कराचार्यांचे बंधु श्रीपति यांचे नातू अनंतदेव यांनीं तेथें शके ११४४ मध्यें देवीचें देऊळ बांधलें. तेथें देवतेमुळेंच स्थानास ओळख होती. मठास ती निर्माण करावी लागली.

मठ गेला, बाजार गेला, गांव उठलें; १९८६ सालीं भोंवतालचें रान अभयारण्यांत आलें. शिळा राहिली म्हणून मापाची वार्ता तरी राहिली.

धुळ्यास याच्या उलट स्थिति दिसते. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं तेथें वारले व १९२७ सालीं त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ निघालें. त्याच शहरीं शंकर श्रीकृष्ण देव यांच्या सत्कार्योत्तेजक सभेनें रामदासी मठांतील बाडें जमविलीं. अशा संग्रहांत कागदाइतकाच त्याचा रुमाल, पोथीच्या फळ्या, दोरी व पाठीवरील आंकडा बोलका असतो. कोणती पोथी कोणत्या मठांतून आली, हें पुष्कळदां त्यांवरूनच ठरतें. माझ्या पाहण्यांतील एका खासगी संग्रहांत मात्र स्वच्छतेच्या हौसेनें सर्व जुने रुमाल टाकून एकसारखें पांढरें कापड घातलेलें आढळलें. अक्षरें शाबूत आहेत, घराणें पुसलें गेलें. ही स्वच्छता वाळवीहून घातक आहे.

संग्राहकांस एक विनंति. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें-मापें आलीं, तेव्हांपासून खानदेशांतील जुन्या पायल्या, अधोल्या व शेर निरुपयोगी होऊन माळ्यावर पडले आहेत. पुष्कळ मोडींत गेले. ज्यांच्या कडेवर किंवा बुडाशीं देवस्थान, पेठ अथवा संस्थान यांची खूण असेल, त्यांचा ठसा कागदावर उतरवून घ्यावा, धान्य भरून त्यांचें मान नोंदवावें, व तें माप कोणत्या गांवीं, कोणत्या धंद्याच्या घरीं मिळालें, हें सोबत लिहून ठेवावें.