ज्या वसाहतीला कट्टा नव्हता

१/ तरुणांचे बंड म्हटले की मोर्चे, घोषणा आणि विद्यापीठांची आवारे डोळ्यांसमोर येतात. आजच्या धाग्यातील बंडाला ना घोषणा होती, ना नेता, ना जाहीरनामा. त्याच्या मुळाशी होता निव्वळ कंटाळा. स्थळ अमेरिकेची उपनगरे, काळ १९४७ ते १९७९.

२/ दुसरे महायुद्ध संपले, लाखो सैनिक घरी परतले, लग्ने झाली, पाळणे हलले. पण राहायला घरे नव्हती. १९४७ मध्ये लेव्हिट अँड सन्स या कंपनीने न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, बटाट्याच्या शेतांत, लेव्हिटटाउन उभारायला घेतले. मोटारीच्या कारखान्यात गाडी पुढे सरकते आणि कामगार जागेवर असतो. इथे घर जागेवर होते आणि कामगारांच्या तुकड्या एका घराकडून दुसऱ्या घराकडे सरकत होत्या. बांधकामाचे २७ टप्पे पाडलेले. भरात असताना दिवसाला ३० घरे पुरी होत. १९५१ पर्यंत १७,००० हून अधिक घरे झाली. १९४९ मध्ये घराची किंमत होती ७,९९० डॉलर.

३/ (सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांखेरीज इतरांना मज्जाव करणारे कलम होते. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. परंतु या ‘आदर्श’ वसाहतीची गोष्ट सांगताना तो गाळता येणार नाही.)

४/ ही वसाहत मुलाबाळांच्या कुटुंबांसाठी रचली होती. खेळाची मैदाने होती, पोहण्याचे तलाव होते. कुंपण घालू नये, हिरवळ वेळेवर कापावी, सुट्टीच्या दिवशी अंगणात कपडे वाळत घालू नयेत, असेही नियम होते. पाच वर्षांच्या मुलाला याहून चांगली जागा मिळणे कठीण. मात्र तेच मूल दहा वर्षांनी पंधरा वर्षांचे होणार, हा साधा हिशेब नकाशात कुठेच नव्हता.

५/ हे पुराव्यानिशी दाखवले हर्बर्ट गॅन्स या समाजशास्त्रज्ञाने. नाझी जर्मनीतून निसटून आलेल्या कुटुंबातला हा मुलगा. १९५८ मध्ये लेव्हिटने न्यू जर्सीतील विलिंगबरो येथे तिसरी मोठी वसाहत उघडली, तेव्हा गॅन्सने तिथे चक्क घर विकत घेतले. पहिल्या २५ कुटुंबांत त्याचे कुटुंब होते. दोन वर्षे शेजारी म्हणून राहून त्याने जे पाहिले, ते १९६७ मध्ये ‘द लेव्हिटटाउनर्स’ या ग्रंथात मांडले.

६/ तोवर शहरातल्या विद्वानांचे मत ठरून गेले होते : एकसारखी घरे, म्हणून एकसारखी, कंटाळलेली माणसे. गॅन्सला तसे आढळले नाही. मोठी माणसे बहुतांशी सुखी होती. त्यांना हवे होते ते घर मिळाले होते, शेजार जमला होता. लहान मुले तर मजेतच होती.

अपवाद एकच, किशोरवयीन मुले. ती आपल्या गावाला ‘एंड्सविल’ म्हणत. जिथे सगळे संपते, असे गाव.

७/ का? गॅन्सने दिलेली कारणे स्वभावाची नाहीत, जागेची आहेत. झोपण्याच्या खोल्या इतक्या लहान की त्यांत अभ्यास करावा किंवा झोपावे, एवढेच शक्य. मित्रांना बोलवावे तर भिंतींतून आवाज आरपार जाणार. बाहेर पडावे, तर दुकानांचे संकुल खरेदीला येणाऱ्या मोठ्यांसाठी. जुन्या शहरात कोपऱ्यावर एखादे खाण्याचे दुकान असते, एखादी पायरी असते, जिथे चार पोरे उगाच उभी राहिली तरी कोणी हटकत नाही. ते इथे नव्हते.

मराठीत त्या जागेला आपण कट्टा म्हणतो. सतरा हजार घरे बांधता येतात. कट्टा मात्र सहसा न ठरवता तयार होतो, आणि ‘न ठरवता’ काही घडावे याला या नकाशांत वावच नव्हता.

८/ शिवाय अंतर. ही वसाहत मोटार गृहीत धरून आखलेली. न्यू जर्सीत एकट्याने गाडी चालवण्याचा परवाना १७ व्या वर्षी मिळे. म्हणजे बारा ते सतरा या वयात, झोपाळ्याचे दिवस संपलेले आणि गाडीचे अजून यायचे असताना, तुम्ही आईच्या सवडीवर अवलंबून.

९/ देशात त्या वेळी चर्चा चालली होती ती ‘बालगुन्हेगारी’ची. १९५३ मध्ये अमेरिकी सिनेटने त्यासाठी उपसमिती नेमली. १९५४ मध्ये तिच्यापुढे कॉमिक्सच्या पुस्तकांवर सुनावणी झाली. पुढे चित्रपट झाले, रॉक अँड रोल झाले. वसाहतीचा नकाशा मात्र क्वचितच कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला.

१०/ आता वीस वर्षे पुढे, देशाच्या दुसऱ्या टोकाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला खाडीतील दलदलीच्या बेटावर भराव घालून फॉस्टर सिटी वसवण्यात आली होती. कालवे, होड्या, नव्याकोऱ्या घरांच्या रांगा. नोव्हेंबर १९७३ मध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को एक्झामिनर’ने तिथल्या मुलांच्या टोळ्यांवर एक वृत्तलेख छापला. टोळ्यांना नाव दिले होते ‘माऊसपॅक्स’, उंदरांचे कळप. मुले सुखवस्तू घरांतली, काही तर जेमतेम नऊ वर्षांची, आणि काम मोडतोडीचे.

मोडतोडीचे समर्थन कोणी करू नये. ज्यांचे नुकसान झाले तेही त्याच गल्लीतले शेजारी होते. पण गुन्ह्याचे नेहमीचे स्पष्टीकरण, म्हणजे गरिबी, इथे लागू पडत नव्हते. आईबापांनी मुलांसाठी म्हणून शहर सोडले होते, हेच त्यांना सर्वाधिक झोंबले असणार.

११/ तो लेख वाचून चार्ली हास आणि टिम हंटर यांनी एक पटकथा लिहिली. जोनाथन कॅप्लानने तिच्यावरून ‘ओव्हर द एज’ हा चित्रपट केला. मॅट डिलनची ही पहिली भूमिका. त्यातल्या काल्पनिक वसाहतीत मुलांसाठी एकच जागा असते, एक साधे करमणूक केंद्र. बाहेरचे गुंतवणूकदार जमीन पाहायला येणार, तर मुले दिसायला नकोत, म्हणून मोठी माणसे नेमके तेच बंद ठेवतात.

१२/ चित्रपट १९७९ मध्ये तयार होता. त्याच वर्षी ‘द वॉरियर्स’ या टोळीयुद्धाच्या चित्रपटाच्या वेळी काही ठिकाणी हाणामाऱ्या झाल्या होत्या. चित्रपटगृहात तरुण पोरे जमतील आणि दंगा होईल, या धास्तीने वितरकांनी ‘ओव्हर द एज’ मोजक्याच ठिकाणी लावला आणि लवकरच उतरवला. पुढे तो केबल वाहिनीवर आला. उपनगरांतल्या मुलांनी तो पाहिला, घरी, दिवाणखान्यात बसून.