स्नायूंचा थकवा आणि स्त्रीचे ऋतुचक्र : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
इतिहासलेखनात राजवटी, लढाया आणि चळवळी यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे आजारपणाला मिळाले नाही. त्यातही स्त्रीच्या आजारपणाचा इतिहास अधिकच दुर्लक्षित राहिला. मासिक पाळी आणि रजोनिवृत्ती यांविषयी उघडपणे बोलणे आपल्या समाजात असभ्य मानले गेले, त्यामुळे या अवस्थांचा इतर आजारांशी असलेला संबंधही नोंदला गेला नाही. 'मायस्थेनिया ग्रेव्हिस' हा मज्जातंतू व स्नायू यांच्या संधिस्थानी होणारा दीर्घकालीन आजार याचे बोलके उदाहरण आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या आजाराचा वैद्यकीय इतिहास आणि सातारा व सांगली या जिल्ह्यांतील स्त्रीजीवनाचा सामाजिक इतिहास एकत्र ठेवून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. हे दोन्ही जिल्हे मुळात एकमेकांशी जोडलेले आहेत. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे त्यांचा एकत्रित विचार करणे सयुक्तिक ठरते.

उद्दिष्टे :
१. मायस्थेनिया ग्रेव्हिसच्या इतिहासातील स्त्री-रुग्णाचे स्थान तपासणे.
२. ऋतुचक्र व रजोनिवृत्ती यांचा या आजारावर होणारा परिणाम समजून घेणे.
३. सातारा-सांगली परिसरातील सामाजिक परिस्थितीचा या प्रश्नाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

आजाराचे स्वरूप :
स्नायू हलवण्याचा निरोप मज्जातंतूच्या टोकाकडून 'ॲसिटिलकोलीन' या रसायनाद्वारे स्नायूपर्यंत पोहोचतो. मायस्थेनियात शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारक यंत्रणा हा निरोप स्वीकारणाऱ्या ग्राहींवर हल्ला करते. परिणामी पापण्या ढळतात, एकाची दोन दिसू लागतात, घास गिळताना अडकतो, बोलता बोलता आवाज क्षीण होतो. विश्रांतीनंतर बरे वाटते आणि श्रमानंतर पुन्हा शक्ती जाते. श्वासाचे स्नायू दुबळे झाल्यास जिवावर बेतते. स्त्रियांमध्ये हा आजार प्रामुख्याने विशी-तिशीत, म्हणजे ऐन प्रजननक्षम वयात सुरू होतो, तर पुरुषांमध्ये तो बहुधा पन्नाशीनंतर आढळतो. हा फरकच स्त्री-संप्रेरकांकडे लक्ष वेधणारा आहे.

बत्तीस शिराळ्याचा नाग आणि आधुनिक संशोधन :
सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा हे गाव नागपंचमीच्या परंपरेसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. नागदंशाने पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते व श्वास कोंडतो, हे या भागातील शेतकऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. मायस्थेनियाची लक्षणेही याच जातीची आहेत, कारण नागाच्या विषातील घटक स्नायूवरील त्याच ग्राहींना अडवतात. नागदंशात दिले जाणारे 'निओस्टिग्मिन' हे औषध मायस्थेनियातही उपयोगी पडते, ते याच कारणाने. मण्यार कुळातील एका सापाच्या विषापासून वेगळा केलेला घटक वापरून १९७३ मध्ये मायस्थेनियाच्या रुग्णांत या ग्राहींची संख्या घटलेली असते, हे दाखवण्यात आले. ज्या भूमीत सर्पदंश हा रोजच्या जीवनाचा भाग आहे, तेथे या दुर्मीळ आजाराची यंत्रणा समजावून सांगणे म्हणूनच अवघड नाही.

'हिस्टेरिया'चा शिक्का :
या आजाराचे वर्णन सतराव्या शतकात इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी केले. त्यांच्या वर्णनातील रुग्ण स्त्रीच होती. १८७७ मध्ये लंडन येथील सॅम्युअल विल्क्स यांनी एका मुलीची हकिकत नोंदवली. तिच्या अशक्तपणाकडे प्रथम हिस्टेरिया म्हणून पाहिले गेले. पुढे श्वास बंद पडून ती दगावली. 'हिस्टेरिया' हा शब्द गर्भाशय या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. म्हणजे स्त्रीच्या कारण न सापडणाऱ्या दुखण्याचा दोष तिच्या गर्भाशयावर टाकण्याची पद्धत शब्दातच मुरलेली होती. गंमत अशी की, जेव्हा संप्रेरकांचा खरोखर संबंध होता, तेव्हा मात्र तो शास्त्रीय पद्धतीने तपासला गेला नाही.

१९३४ मध्ये ग्रीनिच येथील डॉ. मेरी वॉकर या स्त्री-डॉक्टरने 'फायसोस्टिग्मिन' या औषधाने मायस्थेनियाच्या रुग्णास तात्पुरती शक्ती परत मिळते, हे दाखवले. १९३६ मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी एका तरुणीची थायमस ग्रंथीची गाठ काढली आणि तिच्या प्रकृतीत सुधारणा झाली. १९६० मध्ये जॉन सिम्पसन यांनी हा स्वयंप्रतिकार रोग असावा, असे मत मांडले. थायमस काढण्याच्या शस्त्रक्रियेचा लाभ २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासाने सिद्ध केला.

पाळी, बाळंतपण आणि रजोनिवृत्ती :
अनेक स्त्री-रुग्णांना पाळीपूर्वीच्या दोन-तीन दिवसांत व पाळीच्या काळात अशक्तपणा वाढल्याचे जाणवते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांनी असा अनुभव सांगितला होता. पाळीपूर्वी इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची पातळी झपाट्याने उतरते आणि त्यांचा रोगप्रतिकारक यंत्रणेवर परिणाम होतो. शिवाय बीजोत्सर्गानंतर शरीराचे तापमान किंचित वाढलेले असते, आणि उष्णतेने या आजारातील दुर्बलता वाढते. गर्भारपणात काहींची प्रकृती सुधारते, काहींची ढासळते, तर काहींच्या प्रकृतीत फरक पडत नाही. बाळंतपणानंतरचे आठवडे मात्र विशेष जपण्याचे असतात. गर्भिणीच्या झटक्यांवर सर्रास दिले जाणारे 'मॅग्नेशियम सल्फेट' मायस्थेनियात घातक ठरू शकते. आजाराचे निदान आधी झालेले असणे म्हणजे येथे जीव वाचणे होय.

रजोनिवृत्तीवरील संशोधन त्या मानाने फारच थोडे आहे. पाळी थांबल्याने मासिक चढउतार संपतात. पण संक्रमणाच्या काळात अंगातून वाफा निघणे, झोपमोड व थकवा यांमुळे आजार बळावल्यासारखा वाटतो. वर्षानुवर्षे घेतलेल्या 'प्रेडनिसोलोन'मुळे हाडे आधीच ठिसूळ झालेली असतात, त्यात इस्ट्रोजेन घटल्याने भर पडते. पडून मांडीचे हाड मोडलेल्या स्त्रीचे दुखणे 'वयाचे' म्हणून सोडून दिले, तर त्यामागील औषधाचा व संप्रेरकांचा वाटा झाकला जातो.

सातारा-सांगलीतील सामाजिक संदर्भ :
सुश्रुतसंहितेत आर्तवाचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत सांगितला आहे. म्हणजे रजोनिवृत्तीची जाण प्राचीन आहे. तथापि लोकव्यवहारात 'कावळा शिवला', 'बाहेरची झाली', 'बाजूला बसली' अशा शब्दांनीच पाळीचा उल्लेख होत राहिला. ब्रिटिश काळातील गॅझेटियरमध्येही जातिनिहाय विधी व सोवळेओवळे यांवर भर होता, स्त्रीच्या दुखण्यावर नव्हता. सुखवस्तू घरातील स्त्रीला 'बाजूला बसण्या'च्या दिवसांत निदान विसावा मिळे. शेतमजूर स्त्रीला तोही नव्हता. थकव्याचा आजार असणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हा भेद निर्णायक ठरतो.

सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे १८३१ मध्ये जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांनी स्त्रीशिक्षणाचा पाया घातला. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवली. स्त्री-डॉक्टरची गरज का होती, याचे उत्तर याच परिसरातील संकोचात सापडते : जे दुखणे पुरुष वैद्यापुढे उच्चारायचेच नाही, त्याचे निदान होणार कसे? मिरज येथे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन रुग्णालयाने हा भाग आधुनिक वैद्यकाशी जोडला आणि १९६२ मध्ये मिरजेतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात चालवलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाने शरीराविषयी मराठीत स्पष्ट बोलण्याचे धाडस केले, त्यासाठी त्यांना खटलेही सोसावे लागले.

आजच्या संदर्भात आणखी एक वास्तव नोंदवणे आवश्यक आहे. सातारा-सांगलीच्या साखरपट्ट्यात दरवर्षी मराठवाड्यातून ऊसतोड कामगार येतात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती आली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढल्यास ऐन तारुण्यात रजोनिवृत्ती ओढवते. पाळीमुळे मजुरी बुडते म्हणून अवयवच काढून टाकण्याचा हा मार्ग, स्त्रीचा थकवा समजून घेण्याऐवजी तिच्या गर्भाशयाला दोषी ठरवणाऱ्या जुन्या विचाराचेच नवे रूप आहे. फरक एवढाच की, विल्क्सच्या काळात तो शब्दांत होता, आज तो शस्त्रक्रियेत आहे.

निष्कर्ष :
१. मायस्थेनिया ग्रेव्हिसच्या इतिहासात रुग्ण म्हणून स्त्री आरंभापासून उपस्थित आहे. मात्र तिच्या ऋतुचक्राची शास्त्रीय नोंद फार उशिरा झाली.
२. पाळीविषयीचा संकोच हा केवळ सामाजिक प्रश्न नसून निदानातील अडथळा आहे.
३. ग्रामीण रुग्णालयांतील केसपेपरवर पाळीची तारीख व लक्षणांची तीव्रता शेजारी-शेजारी नोंदवल्यास अल्प खर्चात मोलाची माहिती जमा होईल.
४. रजोनिवृत्तीच्या वयातील स्त्री-रुग्णाच्या हाडांची तपासणी औषधोपचाराचाच भाग मानली जावी.
५. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या आजारांचा समावेश आहे. त्याची माहिती या स्त्रियांपर्यंत पोहोचणे गरजेचे आहे.

सारांश, सकाळी भाकरी थापताना ठीक असणारी आणि संध्याकाळी घास चावता न येणारी स्त्री आळशी नसते, ढोंगीही नसते. महिन्याच्या ठराविक दिवसांतच आपली शक्ती जाते, हे तिचे म्हणणे इतिहासाने दीर्घकाळ ऐकले नाही. ते ऐकणे आणि लिहून ठेवणे हे वैद्यकाइतकेच इतिहासाच्या अभ्यासकाचेही कर्तव्य आहे.